नवख्याला मस्टँग विकणाऱ्या दुकानदार साहेबांस

माननीय दुकानदार साहेब,



पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले आहेत. पुण्याबाहेरच्या एका माळावर आम्ही काही जण रविवारी सकाळी रेडिओवर चालणारी विमाने उडवतो आणि कुणी नवखा आला तर त्याला शिकवतो. आपल्या कृपेने आमच्याकडे नवख्यांची कधी कमतरता नसते. फक्त ते येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत विमानाचे तुकडे असतात.

परवा असाच दहावीतला एक मुलगा आला. आईने भिशीचे पैसे त्याच्या हातावर ठेवले होते. त्याने आपल्याला सरळ विचारले होते, "पहिलंच विमान आहे, काय काय लागेल?" आपण मोठ्या मनाने काचेच्या कपाटातले सर्वांत देखणे, सर्वांत महाग विमान त्याच्यासाठी काढलेत. पी-५१ मस्टँग. आपल्या निवडीला दाद द्यावी तेवढी थोडी. गिऱ्हाईक 'पहिलंच' म्हणाले की आपला हात बरोबर वरच्या किमतीवर जातो.

मूळ मस्टँग १९४० साली पहिल्यांदा उडाले आणि दुसऱ्या महायुद्धात गाजले. पण अमेरिकेनेसुद्धा आपल्या पोरांना थेट त्यात बसवले नव्हते. आधी स्टीयरमन हे दुपंखी विमान, पुढे टेक्सन, आणि मग लढाऊ विमान अशी पायरी होती. आपल्या हवाई दलाचे उमेदवारही दुंडिगलच्या अकादमीत पिलाटस या शिकाऊ विमानावर हात बसवतात; सुखोईसारखे लढाऊ विमान फार पुढची गोष्ट. दोन देशांच्या हवाई दलांना जे धाडस झाले नाही, ते आपण काउंटरमागे उभे राहून पाच मिनिटांत केलेत. आपल्या हिमतीला मुजरा.

मस्टँग का पडते हे आपल्याला ठाऊक असणारच, इतकी वर्षे विकता आहात. त्याचे पंख अंगाच्या खालच्या बाजूला आणि टोकाकडे निमुळते. वेग उतरला की पंखाचे टोक आधी उचल सोडते, एक बाजू झपकन खाली जाते आणि सावरायला उंची उरत नाही. नवखा माणूस घाबरला की काय करतो? थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करतो आणि नाक वर राहावे म्हणून एलिव्हेटरची, म्हणजे शेपटीच्या आडव्या पात्याची, स्टिक ओढतो. म्हणजे ज्याने हे विमान हमखास पडते, नेमके तेच करतो. त्या मुलाने तेच केले. त्यात त्याची काहीही चूक नव्हती. आपण सोडून दुसऱ्या कुणालाही विचारले असते, तर हे असेच होणार असे त्याला आधीच सांगितले असते.

आपल्याच दुकानात वरच्या फळीवर, धूळ खात, एक ट्रेनर, म्हणजे नवख्याने शिकायचे विमान, पडलेला आहे. मी पाहिला आहे. दिसायला साधा, फोमचा. पंख अंगाच्या वर, टोकांशी किंचित उचललेले, त्यामुळे स्टिक सोडल्या तर बऱ्याचदा स्वतःच सरळ होतो. सव्वा ते दीड मीटर पंखविस्तार, म्हणजे लांब गेला तरी तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते कळते. तो हळू उडतो, आणि नवख्याला सर्वांत जास्त गरज असते ती विचार करायला मिळणाऱ्या त्या दोन क्षणांची. आपटला तर फोमला चालणाऱ्या गोंदाने चिकटवायचा आणि पुढच्या रविवारी परत यायचे. पण तो विकला तर गिऱ्हाईक वर्षभर तेच विमान उडवत बसेल, आणि त्यात आपला काय फायदा?

"यात जायरो आहे, आपोआप उडतं," हे आपले आश्वासनही त्याने आम्हाला जसेच्या तसे सांगितले. मुलाचा आपल्यावर केवढा विश्वास, पाहा. जायरो वाऱ्याचे धक्के सावरतो, आणि ट्रेनरवर तो असला तर चांगलेच. पण पंखाखालून गेलेला वेग तो परत आणत नाही, आणि जमीन किती जवळ आली आहे हे त्याला कळत नाही. ज्याने हे विमान कधी उडवले नसेल त्याने एखादे वेळी चुकून असे बोलावे. आपण तर सारे जाणता.

रेडिओ सेटबद्दल तर आपले ऋण फेडता यायचे नाही. विमाने येतात, मोडतात, जातात. चांगला ट्रान्समीटर मात्र अनेक वर्षे टिकतो. म्हणून नवख्याने पैसे आधी तिथे घालावेत, असे आम्ही सगळ्यांना सांगतो. निदान चार चॅनेल, म्हणजे थ्रॉटल, एलिव्हेटर, पंखांवरचे एलेरॉन आणि शेपटीचे उभे पाते, रडर. वेगवेगळ्या विमानांच्या सेटिंग लक्षात ठेवणारी मेमरी. आणि शिक्षकाच्या सेटला जोडायची सोय. ही शेवटची सोय सर्वांत मोलाची. दोन सेट जोडले की विमान मुलगा उडवतो आणि एक बटण शिक्षकाच्या बोटाखाली असते. विमान वाकडे जायला लागले की शिक्षक बटण सोडतो, ताबा आपल्याकडे घेतो, सरळ करतो आणि परत देतो. याच्याइतकी स्वस्त शिकवणी या छंदात दुसरी नाही.

आपण त्याला खोक्यातलाच खेळण्याचा सेट दिलात. मेमरी नाही, जोडणी नाही, आणि वर मोड १. आमच्या माळावर सगळे मोड २ वर उडवतात, थ्रॉटल डाव्या हाताला. त्याच्या सेटवर थ्रॉटल उजव्या हाताला, एलिव्हेटर डाव्या, आणि बदलायची सोयच नाही. म्हणजे आमच्यातला कुणी त्याच्या हातातून सेट घेऊन त्याचे विमान वाचवू म्हणेल, तर तेही बंद. शिकवणाऱ्याचे आणि शिकणाऱ्याचे हात आपण एका फटक्यात तोडलेत. "तुमच्याकडे कुणी शिकवणारं आहे का?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर हे टळले असते.

सिम्युलेटरचे नाव आपण काढले नाहीत, हाही आपला संयमच. घरच्या संगणकाला ट्रान्समीटर जोडून दहा-वीस तास सराव केला की बोटांना एक गोष्ट कळते, जी सांगून कळत नाही: विमान आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावे-उजवे उलटते. तेव्हा जो पंख खाली गेलेला दिसेल त्याच्याच बाजूला स्टिक न्यायची, त्याला खालून टेकू दिल्यासारखी. पडद्यावर शंभरदा पडले तरी एक प्रॉपेलर तुटत नाही. आणि प्रॉपेलर तुटला नाही तर आपण विकणार काय, हा प्रश्न मला समजतो.

आता बॅटरी. इथे मात्र साहेब, माझी आदबशीर भाषा जरा अडखळते.

आपण त्याला तीन सेलची लायपो बॅटरी दिलीत, २२०० मिलिअँपिअर-तासाची. असा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्याच्या वर नेला की धोका. ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. तिन्ही सेल सारखे भरताहेत ना, हे पाहण्यासाठी बॅटरीला जाड वायरींखेरीज बारीक वायरींचा एक पांढरा कनेक्टर असतो, आणि तो लावायला बॅलन्स चार्जर लागतो. आपण दिलेल्या चार्जरला ती जागाच नाही. वर आपला प्रेमळ सल्ला: "रात्रभर लावून ठेव, सकाळी भरलेली मिळेल."

रात्रभर. झोपलेल्या घरात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जिथे ती बॅटरी ठेवायला गादीपासून हातभर लांबची जागाही नाही.

लायपो जास्त भरली तर फुगते, आणि पेटली तर सहज विझत नाही. ही बॅटरी २.२ अँपिअरवर साधारण तासाभरात भरते. तेवढा वेळ माणसाने समोर बसायचे, बॅटरी उघड्या फरशीवर, पडदे आणि कपड्यांपासून दूर ठेवायची. नंतर काही दिवस उडवायचे नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायची. सेलचे व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर अगदी स्वस्तात मिळतो. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. त्या मुलाची बॅटरी आमच्याकडे आली तेव्हा फुगलेली होती. ती पेटली नाही, यात आपला काहीही वाटा नाही.

"गच्चीवरून सोड, मस्त जाईल," हाही सल्ला आपलाच. दहा इंची प्रॉपेलर जोरात फिरत असताना बोटे कापू शकतो; ते विमान सोसायटीच्या आवारात उतरले, जिथे लहान मुले खेळतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेलही येतात. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर हिरव्या भागात जास्तीत जास्त ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उडवता येत नाही. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याला एनडीए, म्हणजे नकाशा पाहिल्याशिवाय इथे कुणी खोके उघडूसुद्धा नये. एवढी एक ओळ छापून काउंटरवर चिकटवायला आपल्याला किती खर्च येईल?

विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर धरायचा. आधी ट्रान्समीटर सुरू करायचा आणि मग विमानाची बॅटरी जोडायची, बंद करताना उलट. उडवण्याआधी प्रत्येक पाते स्टिकप्रमाणे योग्य दिशेला हलते की नाही ते पाहायचे. यातले एक अक्षर आपण बोलला नाहीत. मितभाषी स्वभाव.

साहेब, आता स्पष्टच लिहितो. आपण विमान विकत नाही, आपण छंद मारता. जे मूल पहिल्याच उड्डाणात सगळे पैसे मातीत गेलेले पाहते, ते पुन्हा या वाटेला येत नाही. एनसीसीच्या हवाई विभागात आजही एअरोमॉडेलिंग शिकवतात, कारण असल्या विमानांतून मुलांना वारा, वजन आणि वेग हातात कळतो. त्यातूनच कुणी पुढे अभियंता होतो, कुणी वैमानिक. असली मुले आपल्या दारात येतात, हे आपले भाग्य आहे, आणि आपण त्यांना जिन्यावरून ढकलता.

माझी मागणी साधी आहे. त्या मुलाचा चार्जर आणि रेडिओ सेट परत घ्या आणि बॅलन्स चार्जर द्या. वरच्या फळीवरचा ट्रेनर खाली, कपाटाच्या पुढच्या काचेत आणा. आणि 'पहिलंच' हा शब्द ऐकला की मस्टँगकडे हात नेऊ नका.

कळावे,

माळावरचा एक शिकवणारा

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या आई-वडिलांना: मुलाने विमान मागितले तर आधी दुकानात जाऊ नका. रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, त्याला रिकाम्या हाताने जवळच्या माळावर न्या. तिथले लोक कोणत्या मोडवर उडवतात ते विचारा, त्यांच्या जोडलेल्या सेटवर त्याला एक फेरी मारू द्या, मग यादी लिहून घ्या. शिकवायचे पैसे आम्ही घेत नाही.