डेडिकेटेड ग्राफिक्स कार्डास सक्तीच्या विश्रांतीचं पत्र

प्रति,
माननीय डेडिकेटेड ग्राफिक्स कार्ड,
मु. मदरबोर्ड, पंख्याशेजारी.

विषय: आपणांस कामावरून कमी करण्याबाबत.
संदर्भ: भाजलेली मांडी, अखंड घोंघावणारा पंखा आणि दुपारच्या आत संपलेली बॅटरी.

महोदय,

स. न. वि. वि. हे पत्र पिंगुळी, तालुका कुडाळ येथून लिहिलं जात आहे. पडद्यावर चित्रं हलवण्याची विद्या या गावाला नवी नाही. इथल्या ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या आपल्या जन्माच्या कितीतरी आधीपासून एका दिव्याच्या उजेडात रामायण उभं करतात. ही परंपरा जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. खेळ संपला की पडद्यामागचा दिवा मालवायचा, एवढी साधी शिस्त त्या कलेत आहे. आपल्याकडे ती नाही. पडद्यावर नुसता सात-बाराचा उतारा उघडलेला असतो आणि आपण मात्र कुरुक्षेत्रावर असल्यासारखे तापलेले.

आपल्या योग्यतेबद्दल शंका नाही. पुण्याच्या सी-डॅकमधल्या ‘परम सिद्धी’ या महासंगणकात आपलीच थोर भावंडं राबतात. महासंगणकांच्या नोव्हेंबर २०२०च्या जागतिक यादीत त्या यंत्राने ६३वा क्रमांक मिळवला. व्हिडिओचं संपादन, त्रिमितीय आराखडे, भारी खेळ ही आपली कामं. पण मराठी टायपिंग, ई-मेल आणि वीजबिल भरणं यांसाठी प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स पुरून उरतं. अशा घरी आपण म्हणजे खायला काळ आणि भुईला भार.

आता आपली सेवापुस्तिका उघडू. जुलै २००८मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या बांधणीत दोष असल्याचं मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. एएमडीचं घराणंही धुतल्या तांदळासारखं नाही. २०११च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोमध्ये बसलेल्या रेडिऑन कार्डांनी पडद्यावर आडवेतिडवे पट्टे ओढले, काही यंत्रं सुरूच होईनात. लोकांनी मदरबोर्ड चक्क ओव्हनमध्ये भाजून पाहिले. काही जिवंत झाले, पुन्हा मेले. अखेर फेब्रुवारी २०१५मध्ये ॲपलने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. ती २०१६च्या अखेरीस संपली. आजारी कार्डं मात्र उरलीच.

मग कामाला आली फुकटची अवजारं. ‘जीएफएक्सकार्डस्टेटस’ हा छोटा मुक्त प्रोग्रॅम मॅकच्या मेनूपट्टीत बसतो, सध्या कोणतं कार्ड चालू आहे ते एका अक्षरात सांगतो आणि इनबिल्टवरच राहण्याची सोय देतो. अडचण एवढीच, की तो संगणक सुरू झाल्यावर जागा होतो आणि पुरतं बिघडलेलं कार्ड संगणकाला तिथवर पोचूच देत नाही. त्यावर मंडळींनी दुसरी वाट काढली. मॅकच्या एनव्हीरॅम या कायमस्वरूपी स्मृतीत ‘जीपीयू-पॉवर-प्रेफ्स’ नावाची एक नोंद टाकायची आणि यंत्र जागं होतानाच त्याला इनबिल्टकडे वळवायचं. त्याची किंमतही आहे: या यंत्रांत बाहेरच्या मॉनिटरची तार आपल्याच हाती असते, त्यामुळे आपण गेलात की तो मॉनिटरही गेला. शिवाय एनव्हीरॅम रीसेट केलं की नोंद पुसली जाते आणि आपण पुन्हा हजर!

लिनक्सवाल्यांचं भांडण वेगळं. एनव्हिडियाने २०१०मध्ये ‘ऑप्टिमस’ आणलं. गरज असेल तेव्हाच आपण जागं व्हावं, एरवी झोपावं, अशी ती व्यवस्था. ती विंडोजवर चालली, लिनक्सला मात्र वाऱ्यावर सोडलं. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात श्रोत्यांपैकी कुणीतरी याबद्दल विचारलं, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहून एनव्हिडियाला बोट दाखवलं. कोणतं, ते सभ्य पत्रात लिहिण्यासारखं नाही.

इथेच आपली खरी लबाडी उघडी पडते. ड्रायव्हर काढला किंवा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिसेबल’ म्हटलं की आपण गेलात, असा मालकाचा समज होतो. पण आपल्याला झोपवण्याचं काम बहुधा तो ड्रायव्हरच करत असतो. तोच नसला तर काही लॅपटॉपवर आपण बेकार बसूनही वीज खात राहता. कामावरून काढलं, पगार चालूच! म्हणून लिनक्सवर ‘बीबीस्विच’सारखं मोड्यूल लागलं, जे थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरला सांगून आपली वीज तोडतं. अलीकडचं ‘एन्व्हीकंट्रोल’ही फुकट आहे: ‘इंटिग्रेटेड’ निवडायचं, संगणक पुन्हा सुरू करायचा, झालं.

न्यायाच्या दृष्टीने फुकट अवजारांचंही एक पाप नोंदवायला हवं. २०११मध्ये लिनक्सवर ऑप्टिमस चालवू पाहणाऱ्या ‘बंबलबी’ या प्रकल्पाच्या इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टमध्ये एका आज्ञेत ‘/यूएसआर’नंतर चुकून एक मोकळी जागा पडली. एनव्हिडियाचं एक उपफोल्डर पुसायला निघालेल्या त्या आज्ञेने अख्खं ‘/यूएसआर’, म्हणजे बहुतेक सगळे प्रोग्रॅम, साफ केले. एका स्पेसची ही करामत! तेव्हा आपल्याला नारळ देण्याआधी मालकाने फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी, एचडीएमआयचं तोंड कोणत्या कार्डाला जोडलं आहे ते पाहावं, आणि बंद केल्यावर बॅटरी खरोखर जास्त टिकते का तेही मोजावं. टिकत नसेल, तर आपण अजून आतच आहात.

सबब, पुढील सूचनेपर्यंत आपण विश्रांती घ्यावी. कळावे.

आपला,
लॅपटॉपचा मालक
(बिलावर नाव त्याचंच आहे)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: सर्व लॅपटॉप उत्पादक कंपन्या. ज्या वर्षीच्या मॅकबुकांनी मालकांना हवालदिल केलं, त्याच २०११ सालच्या थिंकपॅड डब्ल्यू५२०च्या बायोसमध्ये कोणतं ग्राफिक्स चालवायचं ते निवडण्याचा साधा पर्याय होता. तो प्रत्येक लॅपटॉपमध्ये द्यावा, ही विनंती.