सोमवारात मुक्काम

थोरल्या वहिनींचा मुलगा जपानात नोकरीला लागला आणि आमच्या डिचोलीच्या घरातली शांतता गेली. वहिनी नि दादा तिकडच्या एका भारी र्योकानात राहून आले. र्योकान म्हणजे जुन्या पद्धतीचे मुक्कामाचे घर. रोज फोटो येत: चटयांची खोली, जमिनीवर अंथरूण, इवल्याशा ताटल्या, आणि युकाता घालून बसलेले दोघे. दादाच्या युकात्याचा उजवा पदर वर आला होता. जपानात तसा पदर फक्त मेलेल्या माणसाला घालतात, हे मी शोधून काढले. कळवले मात्र नाही.

ही रोज त्या फोटोंतले नियम मला वाचून दाखवी. चपला दारात काढायच्या, जेवण ठरल्या वेळी, आणि गरम पाण्याच्या कुंडात उतरायचे ते आधी अंग घासून, दिगंबर होऊन. शेवटची अट सोडली तर आमच्या आजीच्या घरी हे सगळे फुकटात होते.

"अहो, यामानाशीतले एक र्योकान म्हणे 705 सालापासून चालू आहे. गिनीज बुकात नोंद आहे. आपण कधी जायचे?"

"जुनेच हवे ना? मग तेरेखोलला जाऊ. किल्ल्यातच हॉटेल आहे."

हिचा चेहरा पडला. पण किल्ल्यात जाऊबाई राहिलेल्या नाहीत, हे लक्षात येताच तिने बॅग भरायला घेतली.

पेडण्याहून पालये, पुढे केरी. गोव्यात केऱ्या तीन, एक सत्तरीत, एक फोंड्यात आणि ही पेडण्यातली. गाडीतल्या नकाशावर विसंबणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे. केरीला फेरीबोट मिळते. नदीपलीकडचा तेरेखोल हा गोव्याचा तुकडा, पण त्याची जमीन महाराष्ट्राला चिकटलेली.

या वास्तूचे मूळ मालक सावंतवाडीचे खेम सावंत. सतराव्या शतकात त्यांनी किल्ला बांधला तो नदीच्या मुखावर नजर आणि आत आपली गलबते सुरक्षित राहावीत म्हणून; समुद्र दिसणाऱ्या खोल्या भाड्याने देण्याचा विचार नसावा. नोव्हेंबर 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्किस द आलोर्नाच्या फौजेने तो घेतला. हे पाहुणे हलले ते थेट डिसेंबर 1961 मध्ये. आम्हाला मात्र स्वागतकक्षातच बजावले, सकाळी खोली वेळेवर सोडायची! मधल्या काळात, 15 ऑगस्ट 1954 रोजी, गोवा मुक्तीचे सत्याग्रही आत शिरले आणि त्यांनी इथे तिरंगा फडकवला. पुढचा मुक्काम त्यांना सरकारी खर्चाने तुरुंगात घडला. त्यांची आठवण निघाली की खोलीतल्या गार हवेबद्दल तक्रार करायला जीभ रेटत नाही.

अंगणात संत अँथनीचे पांढरे चर्च आणि भोवती खोल्या. खोल्यांना आकडे नाहीत, वारांची नावे आहेत. आमच्या वाट्याला आला सोमवार.

ही उंबऱ्यातच थबकली. "सोमवारी आपल्याकडे शिवराक."

"अगं, आज बुधवार आहे."

"बाहेर असेल. इथे दारावर काय लिहिलंय?"

रात्री इसवणाची कढी आणि वर तळलेले तुकडे आले, तेव्हा प्रश्न पेटला. वाढणारा मुलगा पेडण्याचाच होता. हिचा हात आखडलेला पाहून तो म्हणाला, "काकी, व्हरांड्यात बसा. थंय बुधवारच."

पान व्हरांड्यात गेले. जपानात एकेक घास निराळ्या ताटलीत येतो म्हणे. हिने सगळे एकाच ताटात कालवून खाल्ले आणि दुसऱ्यांदा भात मागितला. समोर काळोखात केरीचा किनारा, सुरूची झाडे, मधून ये-जा करणारा फेरीबोटीचा दिवा. मी त्याच्याकडे बघत होतो, ही फोटो काढत होती. कढीचा आधी, समुद्राचा नंतर. रात्रीच ते जपानला रवाना झाले. पहाटे वहिनींचा उलट निरोप आला: "आम्हाला इथे आठवडाभर भात धड मिळाला नाही हो." ही दिवसभर प्रसन्न होती. र्योकानाचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही.

तुम्ही जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. पाणी फार उतरले की फेरी थांबते आणि किरणपाणी-आरोंदा पुलावरून वळसा पडतो, म्हणजे गोव्यातून गोव्यातच जायचे, पण महाराष्ट्रातून. गोव्याची दारू परवान्याशिवाय तिकडे नेणे गुन्हा आहे. तेव्हा बरोबर फेणीची बाटली असेल तर भरतीची वाट पाहा.