मु. पो. रिठदहून डॉ. हॉल्स्टेड यांस

मु. पो. रिठद, ता. रिसोड, जि. वाशिम

प्रति,
डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड,
जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय, बाल्टिमोर
(१९२२ पासून मुक्काम स्वर्गात, असं समजून चालतो)

स. न. वि. वि.

आपली ओळख असण्याचं कारण नाही. माझा पुतण्या एका सरकारी कॉलेजात एमएस सर्जरी करतोय, दुसरं वर्ष, म्हणजे जेआर-टू. कॉलेजचं नाव सांगत नाही, पोराला पास व्हायचंय. ज्युनियर डॉक्टरांनी रुग्णालयातच राहावं, रात्रंदिवस हजर असावं, लग्नबिग्न मागाहून पाहावं, ही पद्धत १८८९ साली उघडलेल्या तुमच्या रुग्णालयात तुम्ही बसवलीत. मुदतसुद्धा ठरलेली नव्हती. तुमचं समाधान होईपर्यंत पोरगं तिथेच. आमच्याकडे निदान तीन वर्षांनी सोडतात, तेवढे उपकार मानतो.

पोळ्याला पुतण्या घरी आला होता. ताटावर बसला, पुरणपोळीचा घास मोडला आणि घास हातात धरून झोपला. वहिनींनी हलवलं तर डोळे मिटलेलेच, म्हणतो, “ड्रेन किती आलाय?” खिशात घडी घातलेला कागद होता. बेड नंबर, कुणाचं युरिन किती, कुणाचं ड्रेसिंग राहिलं, कुणाला रक्त लावायचंय. खाटेच्या पायाला दोऱ्याच्या गाठी मारलेल्या होत्या, एका हाताच्या, दोन हातांच्या. त्या गाठी पाहून मला बरं वाटलं. एवढ्या सगळ्यात तेवढंच एक सर्जरीचं होतं. वहिनी म्हणाल्या, “डाक्टर झाला का चौकीदार झाला व माय?”

तुमचं चरित्र चाळलं. डोळे दिपले. हर्नियाचं ऑपरेशन तुम्ही सुधारलंत, रबरी हातमोजे तुमच्यामुळे आले, कुशिंगसारखा शिष्य तुम्ही घडवलात. थोर माणूस, वाद नाही. पण १८८४ नंतर कोकेनने बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता तुम्हाला त्याचं व्यसन लागलं, उपचारात मॉर्फिन दिलं ते पुढे जन्मभर सुटलं नाही. तुमचे सहकारी ऑस्लरसाहेब, त्यांनी ते टिपून कुलपात ठेवलं, आणि जगाला कळलं १९६९ मध्ये. आजारपणाबद्दल कुणाला नावं ठेवत नाही. विचारायचं एवढंच की माणूस किती वेळ न झोपता काम करू शकतो, हे ठरवताना नमुना कुणाचा घेतला होता?

शिवाय उन्हाळ्यात महिनोन्‌महिने तुम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या बंगल्यावर. तिथे डेलियाची फुलं. शर्ट म्हणे धुवायला पॅरिसला जायचे. वॉर्ड कोण सांभाळत होतं? निवासी डॉक्टर! म्हणजे तिथपासूनच ही सोय साहेबांची होती. आमच्या पुतण्याच्या स्क्रबवर परवाचा बीटाडिनचा डाग असतो. तो पॅरिसला नाही, हॉस्टेलच्या बादलीतही पोचत नाही.

तुमच्या पद्धतीतली चांगली गोष्ट होती ती वाटेत कुठे सांडली कळत नाही. पायरीपायरीने हाताला काम द्यायचं, हळूहळू चाकू सोपवायचा. आमच्याकडे आलं ते फक्त जागरण. सकाळी राऊंड, मग ओपीडी, मग ओटीत तासन्‌तास रिट्रॅक्टर धरून उभं राहणं, रात्री इमर्जन्सी, दुसऱ्या दिवशी पुन्हा राऊंड. मधल्या वेळेत सॅम्पल घेऊन लॅबला पळा, रक्ताची पिशवी आणा, वॉर्डबॉय नाही म्हणून सीटी स्कॅनला स्ट्रेचर ढकला. अशा छत्तीस तासांच्या ड्यूटीत शिकणं किती आणि हमाली किती, हा हिशेब एकदा मांडा. माणसं भरली नाहीत की खिंड लढवायला निवासी असतोच, पगारही कमी आणि ‘शिकतोय’ म्हणून तक्रारही कमी.

आमच्या सरकारने तुम्हाला रोखायचा प्रयत्न केला नाही असं नका समजू. केंद्राच्या आरोग्य खात्याचं ५ जून १९९२ चं पत्र आहे. सलग १२ तासांपेक्षा जास्त नको, आठवड्याला साधारण ४८ तास. पुढे छोटीशी खुंटी, ‘कामाची निकड पाहून’. त्या खुंटीला सगळं पत्र टांगलं आणि निकड काही संपेना. मग २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करून मर्यादा सुचवली, आठवड्याला ७४ तास. बत्तीस वर्षांत ४८ चे ७४. असा विकास आमच्या सोयाबीनच्या भावाचा झाला असता तर!

एक आकडा मात्र तुमच्या कानावर घालतो. ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये तपासलं, तर २४ तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्याचा मेळ रक्तात ०.१ टक्के दारू असल्यासारखा बिघडतो. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या पुढे गेलेल्या गाडीवाल्याला पोलीस धरतात. म्हणजे रिसोड रोडवर त्या अवस्थेत पोरगा जीप चालवू शकत नाही, पण रिठदच्याच कुणाचं पोट उघडलेलं असताना टाका घालू शकतो. तिथे फुंकर मारायला लावणारं यंत्र नाही. २००३ मध्ये अमेरिकेत निवासी डॉक्टरांसाठीची आठवड्याला ८० तासांची मर्यादा मोडली म्हणून तुमच्याच हॉपकिन्सच्या मेडिसिन विभागाची मान्यता काढायचा निर्णय झाला होता, हे तुम्हाला वर कुणी सांगितलं का?

असो. वाशिमला २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आलंय, शंभर जागांचं. आज ना उद्या तिथे सर्जरीच्या पीजी जागा येतील. पहिल्या ड्यूटी-लिस्टमध्ये तुमचं नाव घालावं, असा अर्ज अधिष्ठात्यांकडे करणार आहे. सोमवारी इमर्जन्सी, मंगळवारी ओटी, बुधवारी पोस्ट-ड्यूटी म्हणून सुट्टी, अर्थात कामाची निकड पाहून. शर्ट धुवायला पॅरिसला पाठवायचे असतील तर आधी अकोल्याला रेफर करावे लागतील. चिठ्ठी तुम्हीच लिहायची, आणि ॲम्ब्युलन्स नसेल तर ढकलायचंही तुम्हीच.

आपला,
एका जेआर-टूचा काका