तेरा सिरीज, दहा पॅरलल

शिशाच्या बॅटऱ्या उतरवून त्यांच्या जागी वापरलेले लिथियम सेल चढवणे, हा विजेच्या छोट्या स्कूटरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वेळखाऊ कायापालट होय. त्याला पुण्याजवळच्या रावेतइतकी अनुकूल भूमी शोधून सापडायची नाही. शेजारच्या आकुर्डीत 1972 साली पेट्रोलवर जन्मलेला चेतक आता विजेवर धावतो, चाकणला महिंद्राच्या विजेच्या मोटारी तयार होतात, आणि चिखलीची कुदळवाडी भंगाराची राजधानी म्हणून ख्यातनाम आहे. फेब्रुवारी 2025मध्ये महापालिकेने तिथली पत्र्याची शेड मोठ्या संख्येने जमीनदोस्त केली. पण भंगाराचे एक बरे असते, त्याचे आणखी भंगार होत नाही. राहता राहिला रविवार मोकळा असलेला इंजिनिअर. तो रावेतच्या टॉवरांत मजल्यागणिक मिळतो.

हा इंजिनिअर बहुधा चाकणच्या एखाद्या कंपनीत क्वालिटीत असतो. आठवडाभर तो पुरवठादाराच्या ट्रकपुढे उभा राहून हीट नंबर, लॉट नंबर आणि तपासणीचा अहवाल मागतो. तिन्हींतले एक जरी नसले तरी माल परत. रविवारी तोच गृहस्थ भंगारवाल्यापुढे उकिडवा बसतो आणि लेबल खरवडलेले बॅटरीचे मॉड्यूल हातात घेऊन ‘चांगलं आहे ना?’ एवढेच विचारतो. ‘शेठ, एक नंबर,’ असे उत्तर येते. हाच लॉट नंबर समजून व्यवहार पुरा होतो.

गाडी शक्यतो त्या जातीची निवडतात, जिला कायदा गाडीच मानत नाही. मोटर अडीचशे वॉटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या लेखी ते मोटार वाहन नव्हे. त्यामुळे नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही. तिच्या सीटखाली 12 व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या असतात; सगळ्यांचे मिळून वजन तीस किलोच्या घरात. नव्या असताना त्या ठीक चालतात. दम सुटू लागला, की स्कूटर पवनेवरच्या बास्केट ब्रिजच्या चढाला लागताच मालकाला उतरून सोबत चालावेसे वाटते, माणुसकी म्हणून. जवळपास तेवढीच वीज लिथियमच्या 18650 जातीच्या 130 सेलमध्ये मावते आणि त्यांचे वजन होते सहा किलो.

लिथियमची घराणी मुख्यतः दोन. निकेल-मँगनीज-कोबाल्टचा सेल 4.2 व्होल्टला पूर्ण भरतो, लोह-फॉस्फेटचा 3.65लाच तृप्त होतो, वजनाने थोडा जड असतो, पण तापला तरी सहसा डोके फिरवून घेत नाही. एका पॅकमध्ये दोन्हींची सोयरीक करायची नाही, हा नियम पाळला तर पुढचे बरेच अनर्थ टळतात.

खरे काम इथून सुरू होते. गाडीचा अख्खा पॅक उचलून दुसरीत ठेवता येत नाही, कारण त्यातले इलेक्ट्रॉनिक्स मूळ गाडीखेरीज कुणाशी बोलत नाही. म्हणून मॉड्यूल फोडून सेल सुटे करतात आणि एकेकाची जबानी घेतात. मल्टिमीटरवर दोन व्होल्टच्या खाली सापडलेल्या सेलला दयामाया नाही. इतका रिकामा झालेल्या सेलमध्ये आतली तांब्याची पत्री विरघळू लागते आणि पुन्हा चार्जिंग केल्यावर तेच तांबे नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट करू शकते. बाकीचे सेल पूर्ण भरून, मोजून रिकामे करतात. मूळ क्षमतेच्या 80 टक्के शिल्लक असेल तर सेल पास. शेवटी सगळे पुन्हा भरून दोन-तीन आठवडे नुसते ठेवून द्यायचे. जो कुणी न वापरता उतरला, तो आतून गळका.

हे आठवडे सेल डायनिंग टेबलवर काढतात आणि घरचे लोक जमिनीवर. प्रत्येक सेलवर मार्करने क्रमांक पडतो, एक्सेलमध्ये त्याची ओळ उघडते, व्होल्टेज, क्षमता आणि अंतर्गत रोध यांचे रकाने भरतात. भंगारवाल्याने न दिलेला लॉट नंबर अशा रीतीने घरीच तयार होतो. रविवारी हरवलेला क्वालिटी इंजिनिअर सोमवारी रात्री परत सापडतो तो इथे. बंगळुरू आणि बर्लिनच्या ‘नुनम’ या स्टार्टअपने 2022मध्ये ऑडीच्या ई-ट्रॉन चाचणी-मोटारींतले मॉड्यूल तीन ई-रिक्षांत बसवले. आपले मॉड्यूल कुठल्या मोटारींतून आले हे त्यांना ठाऊक होते. रावेतच्या टेबलावर तेवढीच गोष्ट नसते, आणि सगळे कष्ट तिच्यापायी पडतात.

पॅकची रचना तेरा सिरीज, दहा पॅरलल. दहा सेलचा एक गट आणि असे तेरा गट एकामागे एक. तेरापैकी सर्वांत अशक्त गट रिकामा झाला की बाकीच्या बारांत कितीही जोर असो, गाडी थांबते. गट जुळवण्यात वेळ जातो तो त्यामुळे. सेल निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्ड करतात. सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल दुखावतो. वेल्डरला लागणारा जबर करंट बहुधा मोटारीच्या शिशाच्या बॅटरीतून घेतात. शिशाकडून तेवढी शेवटची सेवा घ्यायला कुणाला संकोच वाटत नाही. वर बीएमएस नावाची पाटी बसते. कुठला गट जास्त भरला, कुठला जास्त उतरला, यावर तिचे लक्ष असते.

यापुढचा भाग विनोदाच्या कक्षेबाहेरचा आहे. जुना चार्जर शिशाच्या चार बॅटऱ्यांसाठी 59 व्होल्टच्या आसपास जातो. निकेलवाल्या सेलचा तेरा गटांचा पॅक 54.6ला भरतो. तोच चार्जर जोडला आणि बीएमएसने दगा दिला, तर प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्ट चढतात आणि पुढचे काम अग्निशमन दलाचे. नवा चार्जर ही या खटाटोपातली एकमेव वस्तू, जी भंगारातून आणायची नाही. मार्च 2022मध्ये लोहगावला विजेची एक उभी स्कूटर पेटली, आणि ती तर कारखान्यातून आलेली होती. त्या वर्षी देशभर अशा आगी लागल्यानंतर एआयएस-156 हे मानक कडक झाले आणि 1 डिसेंबर 2022 व 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सेलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असलेच पाहिजे, अशी त्यात अट आहे. नोंदणी झालेल्या गाडीत तर परस्पर फेरफार करायलाच मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते.

पॅक बसल्यावर स्कूटर चढाला तक्रार करत नाही; आता तक्रार करतो मीटर. तो शिशाच्या स्वभावावर बेतलेला. लोह-फॉस्फेटचा पॅक असेल, तर त्या सेलचे व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहते, त्यामुळे काटा घरापासून भोंडवे चौकापर्यंत ‘सगळे छान’ असे सांगत राहतो आणि मग एकदम मान टाकतो. अनुभवी मालक काट्याकडे न पाहता किलोमीटर मोजतात. सोसायटीच्या कमिटीला पॅक लिफ्टने वर नेलेला चालत नाही आणि खाली चार्ज केलेलाही चालत नाही. या दोहोंच्या मधला मजला अद्याप बांधलेला नाही.

नापास सेल घंटागाडीत टाकायचे नसतात. दाबल्या गेलेल्या सेलने कचऱ्याची गाडी पेटू शकते. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. ते अधिकृत संकलन करणाऱ्याकडे द्यावेत, असे 2022चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम सांगतात. शिशाच्या चार बॅटऱ्यांसाठी नियम उघडून पाहावा लागत नाही. शिशाला किलोवर भाव आहे, त्यामुळे त्या न्यायला दुकानदार स्वतः पार्किंगपर्यंत येतो.