एकशे एकोणऐंशी अंशांचा त्रिकोण

बेंगळुरूतल्या आमच्या जे. पी. नगरात लिफ्टमध्ये चार माणसं असली, तर त्यांतला एक शिक्षणाचं ॲप बनवत असतो, दुसरा तसलं ॲप बनवणारी कंपनी नुकतीच सोडून आलेला असतो, तिसऱ्याचं मूल त्या ॲपवर गणित शिकत असतं आणि चौथी मी असते. मी सांगली जिल्ह्यात उभी हयात गणित शिकवण्यात घालवली. पण लिफ्टमध्ये मला गणितातलं कुणी काही विचारत नाही. फार तर 'कितवा मजला?' एवढंच. आकडा सांगते आणि गप्प उभी राहते.

एरवी इथे मी छान रुळलेय. भाजीला सारक्की मार्केट आणि नाटकाला रंगशंकरा. अरुंधती नाग यांच्या खटपटीतून 2004 साली उभं राहिलेलं हे नाट्यगृह माझं फार लाडकं. बाई मूळच्या मराठी रंगभूमीवरच्या, हे एक कारण आहेच. पण खरं कारण असं, की वेळ झाली की तिथे दार बंद. मग उशिरा येणारा कितीही मोठ्या कंपनीतला साहेब असो. माझ्या वर्गाचाही हाच नियम होता, फक्त त्याची कुणी तारीफ केली नाही.

घरात परिस्थिती अशी. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. सून एका संस्थेत शिक्षकांना प्रशिक्षण देते, म्हणजे शिकवायचं कसं ते शिकवते. मी गणितवाली. आणि या तिघांच्या तावडीत सापडलेला, सातवीतला, एकुलता एक नातू.

एके दिवशी सुनेने फ्रिजवर एक चित्र लावलं. एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं. एकात तंत्रज्ञान, एकात अध्यापन, एकात विषयज्ञान.

"आई, हे टीपॅक."

मला वाटलं, चहाचा पुडा संपला म्हणून आठवण लावलीय.

मग तिने समजावून सांगितलं. ली शुलमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1986 मध्ये असं मांडलं, की विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि तो विषय शिकवता येणं हे आणखी तिसरंच. कुठलं उदाहरण घ्यायचं, पोरं नेमकी कुठे अडखळतात, हे ज्याला ठाऊक तो शिक्षक. मी म्हटलं, एवढंच ना? एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, हे उत्तर मी इतक्या वह्यांत पाहिलंय की झोपेतही त्याच्यावर तांबडी फुली मारीन. अंशात अंश मिळवायचा, छेदात छेद. पोरगं मठ्ठ असतं म्हणून असं करत नाही, फार नीटनेटकं असतं म्हणून करतं. पुढे 2006 मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाचं वर्तुळ घातलं. यातले मिश्रा आपल्या पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेले, हे कळल्यावर मी चित्राकडे जरा आदराने पाहू लागले. तिन्ही वर्तुळांभोवती ठिपक्यांचं एक मोठं वर्तुळही आहे. त्याला परिस्थिती म्हणतात. आमच्याकडे त्यात गेलेली वीज, अडकलेलं वाय-फाय आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग मशीन येतं.

हे सगळं चित्र फ्रिजवर ठीक होतं. एका रविवारी ते डायनिंग टेबलवर उतरलं.

नातवाला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज शिकायची होती. मुलाने लॅपटॉपवर जिओजेब्रा उघडून दिलं. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन माणसाने 2001 मध्ये विद्यार्थिदशेत सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर खरोखर गुणी आहे. त्रिकोणाचं टोक धरून ओढा, कोनांची मापं डोळ्यांदेखत बदलतात. माझ्या नोकरीत हे असतं, तर फळ्यावर त्रिकोण पुसून पुसून माझा खांदा धरला नसता. शेजारचा कन्नड मुलगाही येऊन बसला. दोघांनी टोक ओढलं. पडद्यावर आकडे आले, 58, 61 आणि 60.

"आजी, एकशे एकोणऐंशी!"

पुन्हा ओढलं. 48, 73, 60.

"आता एकशे एक्याऐंशी!"

"अज्जी, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," शेजारचा म्हणाला. थोडं सांभाळून घ्या! बेंगळुरूत बसमधल्या सीटपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळं याच मंत्रावर चालतं. पायथागोरसच्या वंशजांवर तो चालवलेला मी प्रथमच पाहिला.

टेबलाभोवतीची तिन्ही वर्तुळं एकदम बोलू लागली. मुलगा म्हणाला, "काही नाही गं, राउंडिंग आहे. दशांश स्थळं वाढवतो." आणि त्याने सेटिंगमध्ये हात घातला. सून म्हणाली, "तू सांगू नकोस, त्याला शोधू दे." मी म्हणाले, "शोधायचं काय त्यात? शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढ, व्युत्क्रम कोन घे, दोन ओळींत सिद्धता!" तिघांचंही बरोबर होतं. नातू तेवढ्यात लॅपटॉप घेऊन दुसऱ्या खोलीत निघून गेला. चित्रात मधोमध जो तिहेरी छेद असतो, तो आमच्या घरी रिकामी खुर्ची होऊन बसला होता.

तीन जाणकार एका टेबलाशी बसले म्हणजे एक शिक्षक तयार होत नाही, हे माझं तेव्हाच पक्कं झालं. ती तिन्ही वर्तुळं एकाच टाळक्यात असावी लागतात. 179 दिसल्याबरोबर तिथे कळायला हवं, की यंत्राने 58.3, 61.4 आणि 60.3 हे आकडे पूर्णांकात बसवलेत, की मोजणं आणि सिद्ध करणं यांतला फरक दाखवायला असा मुहूर्त वर्षातून एकदाच मिळतो, आणि आत्ता तोंड मिटून पोरालाच बोलू द्यायचं. मुलाने दशांश वाढवले असते तर बेरीज 180 च्या आणखी जवळ सरकली असती आणि मुहूर्त टळला असता.

माझ्या वर्गात कधी 179 आलंच नाही. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन साठ पोरं त्रिकोण मोजायची आणि साठही बेरजा अचूक 180. मी काही भोळी नव्हते. पोरं दोन कोन मोजायची आणि तिसरा वजाबाकीने काढायची. जिओजेब्राला एवढी व्यवहारबुद्धी नाही, म्हणून ते पकडलं गेलं.

शिक्षणात यंत्र आलं की सगळं सुटेल, ही आशा तशी जुनीच. पुण्यात 1984 मध्ये शाळकरी मुलांसाठी टीव्ही कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी निघाली. कार्यक्रम कष्टाने बनवलेले असायचे, पण टीव्हीतल्या ताईंना आमच्या वर्गातला मागच्या बाकावरचा दिसायचा नाही. 2017 मध्ये ती बंदच झाली. उलट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी घ्या. पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडसाठी त्यांचं नाव झालं, 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकली. पेपरांनी छापला तो कोड. मला त्यांच्या गोष्टीतलं दुसरंच आवडलं. मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे, हे ओळखून गुरुजी ती भाषा शिकले. सुनेला मी हे ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तुम्हाला इथे येऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही कुठे शिकलात?" विषय बदलण्यासाठी मी कोथिंबीर निवडायला घेतली.

असो. नातवाला आणि त्याच्या मित्राला मी परत बोलावलं. मुलाला म्हटलं, सेटिंगला हात लावू नकोस. सुनेला म्हटलं, मी काही सांगणार नाही, फक्त विचारीन. मग विचारलं, 179 आणि 181, मग 175 का कधी येत नाही? दोघं त्रिकोण ओढत बसले, बराच वेळ. शेवटी शेजारचा म्हणाला, की प्रत्येक कोनाच्या मागे काहीतरी लपवलंय आणि तीन कोनांत मिळून फार लपवता येत नाही. त्यावर समांतर रेषा काढायला मला कागद-पेन्सिल पुरली. दोन ओळींची सिद्धता त्यांनी पाच ओळींत लिहिली, पण स्वतः लिहिली.

आता आमच्याकडे रविवारी सकाळी दहाला वर्ग भरतो आणि दहा वाजता दार बंद होतं. पुढच्या वेळी फुटबॉलवर त्रिकोण काढायचाय. वरच्या टोकापासून मधल्या वर्तुळापर्यंत काटकोनात दोन दोरे ताणले, की तिन्ही कोन काटकोन होतात आणि बेरीज भरते 270. जे. पी. नगरातल्या मराठी पालकांनी मुलांना जरूर पाठवावं. फुटबॉल आणि दोरा आपापला आणावा, टॅब घरी राहिला तरी चालेल.