सुप्रमा

‘सुप्रमा’ हे मुलीचे नाव वाटते; महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागात ते ‘सुधारित प्रशासकीय मान्यते’चे लघुरूप आहे. पहिली मान्यता घ्यायची ती रीत म्हणून. धरणाची खरी किंमत सुप्रमांतून कळत जाते. वैनगंगेवरील गोसीखुर्दचा खर्च १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपये धरला होता. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले, २००९ मध्ये प्रकल्प ‘राष्ट्रीय’ ठरला आणि पुढे अंदाजपत्रक १८ हजार कोटींपलीकडे गेले. सरकारी कारण महागाई. ते खोटेही नाही. काम रेंगाळले की दरसूची बदलणारच. पण रेंगाळते का? पहिला आकडा बहुधा मुळातच बारीक असतो, कारण जाड आकड्याला मंजुरी कोण देणार? भूसंपादन, पुनर्वसन, वनजमिनीची परवानगी हे सारे नारळ फुटल्यावर आठवते. त्यात निधी तुटपुंजा, आणि तोही ढीगभर प्रकल्पांत प्रसादासारखा वाटायचा: चव सगळ्यांना, पोट कोणाचेच भरत नाही. भिंत आधी उभी राहते, कारण ती छायाचित्रात दिसते. कालवे, वितरिका आणि शेतचाऱ्या मागून येतात, पुढच्या सुप्रमेसोबत.