कुरकुर आणि कुरडई

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांना एकदम मायेचा पाझर फुटतो. कुटुंबाला वेळ द्या, मुलांना घेऊन काहीतरी साहस करा, साध्यासुध्या गोष्टींत हसू शोधा, आणि रात्री झोपण्याआधी ज्यांच्याबद्दल मन भरून आलं अशा पाच गोष्टी वहीत लिहा. सल्ला चांगलाच आहे. फक्त तो धुळ्याच्या देवपुरात येऊन पोहोचेपर्यंत पारा त्रेचाळिसावर गेलेला असतो आणि त्या वहीने घरातलं कुणीतरी वारा घेत बसलेलं असतं. म्हणून इथला माणूस कृतघ्न आहे, असा गैरसमज मात्र पुरवणीवाल्यांनी करून घेऊ नये. तो उन्हाळाभर आभारच मानत असतो. रस पातळ झालाय. कुरडया औंदा जाड पडल्या. कूलरचं तोंड कायम नानांकडेच का? गच्चीवर पाणी मारलं ते निम्म्याच भागावर. ही सगळी आभाराची वाक्यं आहेत, फक्त ती वाचायची रीत ठाऊक हवी. खान्देशी घरात कुरकुर ही पावती असते, आणि उन्हाळ्यात अशी पावतीपुस्तकंच्या पुस्तकं फाडली जातात, एवढंच या सदराचं म्हणणं आहे.

पुरावा हवा असेल तर कोणत्याही सार्वजनिक कार्यक्रमाला जाऊन शेवटच्या रांगेत बसावं. अध्यक्षांचं भाषण लोक सोसतात, पाहुण्यांचा परिचयही सोसतात. पण ‘आता आभारप्रदर्शन’ एवढे शब्द उच्चारले, की सगळं सभागृह वाकून चपला शोधू लागतं. आभाराचं प्रदर्शन आपल्याला मानवत नाही. एस.टी.च्या कंडक्टरला ‘थँक्यू’ म्हणणारा मुलगा घरी ताट पुढे आल्यावर तसं काही म्हणत नाही, आणि एखाद्या मे महिन्याच्या दुपारी तो खरोखरच ‘आई, मी तुझा आभारी आहे’ म्हणाला, तर ती आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघेल आणि मग कांदा फोडायला उठेल. याला ऊन लागलं, दुसरं काय! उलट आखाजी घ्या. अक्षय्यतृतीया साऱ्या देशात सोनं घेण्याचा दिवस असेल. खान्देशात तो लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस होतो. एवढं गोडधोड चाललेलं असताना झोक्यावरच्या गाण्यांत काय असतं? सासू, नणंद, दीर आणि सासरच्या वाटेवरचे काटे. लग्नातही तेच. विहीणबाईंचे पाय धुवायचे, त्यांना लुगडं नेसवायचं, आणि मग त्यांच्याच नावाने गाण्यातून यथेच्छ उद्धार करायचा. ही काही एकट्या खान्देशची खोड नाही. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. ‘बोरीचा बार’ म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि तो बघायला माणसं लांबून येतात. परक्याला शिव्या दिल्या तर पोलीस येतात. तिथे बघे येतात. शिवी आपलेपणाची असते हे त्या दोन गावांना समजलं, पुरवण्यांना अजून समजायचं आहे.

आता साहसाचं. कुरडई हा पदार्थ ज्याने फक्त तळलेला पाहिला, त्याने हिमालय फक्त कॅलेंडरवर पाहिला. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. एक दिवस पाणी बदलायचं राहिलं तर वास गल्लीला कळतो. मग वाटायचे, चोथा पिळून काढायचा, गाळलेलं पांढरं पाणी रात्रभर निवळत ठेवायचं. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी चीक. मोठ्या पातेल्यात आधण ठेवून त्यात मीठ-हिंग घालायचं आणि चीक ओतताना एकीने ओतायचं, दुसरीने दांड्याने घोटत राहायचं. थांबलं की गाठी. घोटताना तो चीक घट्ट होतो, काचेसारखा चकाकतो आणि उसळून मनगटावर उडतो. तो गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर अंथरलेल्या जुन्या लुगड्यावर पिळायचा, तेही ऊन चढण्याच्या आत. म्हणजे पहाटे चारला सुरुवात. या साऱ्या मोहिमेत मुलांचं काम वाटीत गरम चीक घेऊन त्यावर तेल-तिखट टाकून खाणं, आणि उडदाचे पापड असतील त्या दिवशी लाट्या पळवणं. आजोबांकडे कावळ्यांचं खातं. पांझरेच्या काठच्या जुन्या फड पद्धतीत पाटाचं पाणी वाटून देणारा पाटकरी असतो आणि पिकावर नजर ठेवणारा जागल्या. आजोबा म्हणजे गच्चीवरचे जागल्या: डोक्यावर ओला पंचा, हातात काठी, उशाला छत्री. आठ वाजेपर्यंत पहारा कडक असतो. नवापासून घोरणं ऐकू येतं, आणि कावळा दोन कुरडयांची चव बघून उडून जातो. (पितृपक्षात याच गच्चीवर हेच कुटुंब हात जोडून त्याला बोलावतं, तो तेव्हा भाव का खातो, याचं उत्तर मे महिन्यात आहे.) संध्याकाळी कुरडया उलटताना ‘जाड झाल्या’ असं पहिलं मत येतं ते दिवसभर कूलरपुढे बसलेल्या माणसाकडून. हे आपण पुढे लक्षात ठेवू.

सहली म्हणाल तर त्यांतही आमचा तर्क टिकतो. उन्हाळ्यात माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात असा जगाचा समज आहे. चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत आणि बाहेर त्रेचाळीस अंश असताना त्या पाण्यात पाय सोडून ‘जरा जास्तच कढत आहे’ म्हणणारी कुटुंबं भरउन्हाळ्यातही भेटतात. तोरणमाळ खरोखर थंड. पण १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला आणि धुळे जिल्ह्याचा हक्काचा गारवा शेजाऱ्याकडे गेला. ती कुरकुर अजून चालू आहे.

यावर शास्त्रीय आक्षेप येतो, आणि तो दमदार आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दर आठवड्याला मन भरून यावं अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने जाचलेल्या कटकटी. दहा आठवड्यांनी पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी निघाला. म्हणजे कुरकुर करणारे हरले, पुरवणीवाले जिंकले. पण त्या कटकटवाल्या विद्यार्थ्यांची अवस्था तर बघा. बिचाऱ्यांनी सगळी कुरकुर कागदावर उतरवली आणि कागद संशोधकाच्या हवाली केला. कागद उलटून बोलत नाही. देवपुरात ‘रस पातळ झालाय’ हे वाक्य हवेत सुटल्यानंतर तीन सेकंदांत स्वयंपाकघरातून ‘पाचवी वाटी आहे ती’ असं उत्तर येतं, पोरं फिदीफिदी हसतात, आणि सहावी वाटी पुढे होते. एकट्याने लिहिलेली तक्रार ही तक्रारच राहते. पंगतीत केलेल्या तक्रारीचा विनोद होतो, कारण ताटातली वाटी तिच्याविरुद्ध साक्ष देत असते. आणखी एक कसोटी आहे: हाच माणूस परक्याच्या घरी जेवायला गेला की पाण्यासारख्या रसालाही ‘वा, छान’ म्हणतो. स्तुती तो परक्यांसाठी राखून ठेवतो. नावं ठेवायला हक्क लागतो, आणि पुन्हा पुढच्या वर्षी हेच ताट मिळेल याची खात्री लागते.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो आणि त्याला उत्तर देताना सदराचा आवाज जरा खाली येतो. कुरकुर ही पावती आहे हे मान्य; पण पावती देणारा कोण आणि पैसे भरणारी कोण? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या. पुरुषांत मुळात चारांतला जेमतेम एक घरकामाला हात लावत होता, आणि तो लावत होता ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांची मिनिटं २८९ झाली आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत पुरुषांनी रोजची नऊ मिनिटं वाचवली. ती कुठे खर्च झाली हे सर्वेक्षणात नाही. नऊ मिनिटांत रस, कुरडया आणि कूलर या तिन्ही विषयांवर तपशीलवार मत देऊन होतं, एवढं आम्ही नमूद करतो. शेतावर ठेवलेल्या सालदाराचं साल आखाजीला भरतं. त्या दिवशी हिशोब होतो, पुढच्या सालाची बोली होते, पटलं नाही तर तो दुसऱ्याच्या शेतावर जातो. घरातल्या बाईचं साल कोणत्या आखाजीला भरतं? तिच्या वाट्याला त्या दिवशी झोका येतो, तोही माहेरी गेली तर. त्या गाण्यांतली सासू-नणंदेची कुरकुर आम्ही वर विनोद म्हणून मोजली. त्यातला काही भाग थकलेल्या हिशोबाचाही असणार. तो आभाराच्या खात्यावर टाकणं ही आमची लबाडी झाली, आणि ती इथे दुरुस्त करतो.

म्हणून आमचा सिद्धांत मागे न घेता त्याला एक कलम जोडावं लागेल, आणि ते पांझरेकाठच्या फडातच तयार आहे. बंधाऱ्याची डागडुजी आणि पाटातला गाळ काढणं हे काम पाणी घेणाऱ्यांनी मिळून करायचं, अशी तिथली जुनी रीत. पाणी कमी आलं म्हणून भांडायचं तर आधी गाळात उतरलेलं असावं. हेच गच्चीला लावलं, तर ज्याने पहाटे चीक घोटला, निदान सोऱ्या पिळला, त्याला कुरडया जाड म्हणायचा पूर्ण अधिकार. आणि ज्याने फक्त कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं, त्याने कूलरपुरतंच बोलावं. काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, हल्ली बचतगटांच्या कुरडया, बिबडे, पापड सगळं तयार मिळतं. मिळतं, आणि चांगलं मिळतं. त्या बायांना त्याचे पैसेही मिळतात, ही घरापेक्षा निश्चित सुधारलेली व्यवस्था आहे. अडचण एकच. विकतची कुरडई जाड निघाली तर माणूस पिशवीवरचं लेबल वाचतो आणि गप्प बसतो. उत्तर देणारं कुणी समोर नसतं.

घरच्या डब्यातली मात्र श्रावणात निघते. बाहेर पाऊस, कढईत तेल, कुरडई पडताच फुलून कढईच्या काठाला टेकते. पहिला घास मोडतो आणि बाहेरच्या खोलीतून वर्षानुवर्षांचं ते वाक्य येतं, ‘औंदा जरा जाडच झाल्या.’ स्वयंपाकघरातला झारा थांबतो. ‘सोऱ्या कोणी पिळला होता?’ त्यानंतर बराच वेळ फक्त कुरडया मोडल्याचा आवाज येत राहतो.